शेव्हेलमध्ये हर्स्ट शिफ्टर बसवताना: सगळी मेख न्यूट्रलमध्ये

शेवरलेच्या १९६७ च्या शेव्हेल एसएस ३९६ या गाडीत साडेसहा लिटरचं व्ही-८ इंजिन आहे आणि सगळ्यात साध्या प्रकारातही ते ३२५ अश्वशक्तीचं होतं. त्यामागे इंडियानातल्या मन्सी गावच्या कारखान्यात बनलेला चार गिअरांचा बॉक्स. ही जोडी पन्नास-साठ वर्षांनंतरही ठणठणीत असू शकते. या दोघांना ड्रायव्हरच्या हाताशी जोडणारा मूळ शिफ्टर (गिअरचा दांडा आणि त्याखालची यंत्रणा), त्याचे तीन रॉड आणि रॉडच्या टोकांचे बुश (सांध्यातल्या कड्या) मात्र तसे टिकत नाहीत. दांडा न्यूट्रलमध्ये असताना वीतभर इकडेतिकडे हलतो, दुसऱ्यातून तिसरा शोधावा लागतो, आणि घाईत टाकायला जावं तर भलतीकडेच अडकतो. मुंबईची जुनी पद्मिनी टॅक्सी चालवलेल्यांना हा प्रकार नवा नाही. तिथे दांडा स्टिअरिंगला होता एवढंच.

अमेरिकेत साठच्या दशकापासून यावरचा ठरलेला इलाज म्हणजे हर्स्ट कंपनीचा शिफ्टर. पाँटिअॅकने १९६४ ची जीटीओ हर्स्टचा दांडा लावूनच विकली. शेवरलेने मात्र १९६८ पर्यंत स्वतःचा शिफ्टर दामटला आणि १९६९ मध्ये कॅमॅरो आणि शेव्हेलला कारखान्यातूनच हर्स्ट दिला. त्यामुळे ६७ च्या गाडीत तो बसवणं म्हणजे कंपनीने दोन वर्षं उशिरा केलेली सुधारणा आपण करून घेणं. (अपघातात चेपलेल्या गाडीतून माणसं बाहेर काढण्याचं हायड्रॉलिक अवजारही ही कंपनी काढणाऱ्या जॉर्ज हर्स्टच्या डोक्यातून आलं. गाड्या पळवणाऱ्याला दोन्ही बाजू ठाऊक असणार.)

‘हर्स्ट बसवला, पण गिअर आधीपेक्षा वाईट पडतात’ ही तक्रार गाडीवाल्यांमध्ये नेहमी ऐकू येते. दहांतल्या नऊ वेळा शिफ्टर निर्दोष असतो आणि रॉडची लांबी चुकलेली असते. म्हणून या लेखात बोल्ट खोलण्या-लावण्यावर कमी आणि न्यूट्रल जुळवण्यावर जास्त शब्द खर्च केले आहेत.

आधी गिअरबॉक्सची ओळख पटवा

हर्स्टचा कॉम्पिटिशन प्लस शिफ्टर आणि तो तुमच्या गाडीत बसवण्याचं किट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किटमध्ये ब्रॅकेट, रॉड, गिअरबॉक्सवरचे आर्म (रॉड ज्यांना जोडतात ते लिव्हर), बुश आणि क्लिपा येतात, आणि ते गाडी व गिअरबॉक्स या दोन्हींप्रमाणे बदलतं. कॅमॅरोचं किट शेव्हेलला लावू नका. बॉक्स तोच असला तरी दांडा जमिनीतून वर येण्याची जागा वेगळी आहे.

साठ वर्षांत गाडीचा मूळ बॉक्स बदललेला असण्याची शक्यता भरपूर. तेव्हा कागदपत्रांवर विसंबू नका, खाली झोपून बघा. डाव्या बाजूला एक झाकण दिसेल. सात बोल्टांचं झाकण, अॅल्युमिनियमचा बॉक्स, झाकणावर दोनच लिव्हर आणि रिव्हर्सचा तिसरा लिव्हर मागे टेल हाउसिंगवर (बॉक्सच्या शेपटाकडच्या भागावर), असं असेल तर तो मन्सी. झाकणाला सात बोल्ट पण बॉक्स बिडाचा आणि तिन्ही लिव्हर झाकणावरच असतील, तर तो सॅगिनॉ. नऊ बोल्ट असतील तर बोर्ग-वॉर्नरचा टी-१०. तिघांची किटं वेगळी.

मन्सी असल्याची खात्री झाली की आणखी एक गोष्ट बघायची. १९६८ पर्यंतच्या मन्सीच्या झाकणातून बाहेर येणाऱ्या शाफ्टला आटे असतात आणि आर्म वरून नटाने आवळला जातो. १९६९ पासून शाफ्टच्या आत आटे आहेत आणि आर्म बोल्टने बसतो. आर्म त्याच प्रकारचे हवेत. इथे चूक झाली तर ती गाडी वर उचलून, जुना शिफ्टर काढून झाल्यावर, रविवारी संध्याकाळी लक्षात येते.

दांड्याचा वरचा भागही स्वतंत्र मिळतो. सलग बाक असलेल्या गाडीला वेगळ्या वाकाचा, सुट्या सीटच्या गाडीला वेगळा, कन्सोल (दोन सीटांमधली पेटी) असेल तर आणखी वेगळा. बाकाच्या गाडीत चुकीचा दांडा लावलात तर दुसऱ्या आणि चौथ्या गिअरला मूठ सीटवर आपटते.

ज्या दुखण्यांवर शिफ्टर हे औषध नाही

पैसे घालण्याआधी तीन गोष्टी तपासा.

क्लच: पेडलला वरून साधारण एक इंच मोकळी चाल हवी. क्लच पूर्ण सुटत नसेल तर कितीही महागडा शिफ्टर लावा, पहिला आणि रिव्हर्स करकरणारच.

माउंट: इंजिन आणि गिअरबॉक्स ज्या रबरांवर बसले आहेत ती शाबूत आहेत का? त्या काळातल्या शेवरले गाड्यांची इंजिन माउंट बदनाम होती. १९७१ मध्ये जनरल मोटर्सला त्यापायी साठ लाखांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. हर्स्टचा शिफ्टर गिअरबॉक्सवर पक्का बसतो, म्हणून बॉक्स हलला की दांडाही त्याच्यासोबत हलतो. फाटक्या माउंटवर जोरात अॅक्सिलरेटर दाबला की दांडा कन्सोलवर आदळतो, आणि दोष शिफ्टरच्या माथी येतो.

गिअरबॉक्सचं पोट: गरम झाल्यावरही, क्लच नीट असूनही दुसरा गिअर टाकताना करकर होत असेल, तर सिंक्रोनायझरची (गिअर पडण्याआधी वेग जुळवणाऱ्या भागाची) पितळी रिंग झिजली आहे. ते काम बॉक्स उघडून करायचं. गाडी वर असतानाच तेलही बघून घ्या. मन्सीत सुमारे दीड लिटर तेल लागतं. ८०-डब्ल्यू-९० चालेल, पण डब्यावर जीएल-४ असं लिहिलेलं हवं. जीएल-५ च्या तेलातली काही रसायनं पितळेला मानवत नाहीत, आणि आत पितळ बरंच आहे.

जुना शिफ्टर उतरवणं

हत्यारं इंची लागतात. पुण्या-मुंबईहून बॅगेत आणलेला मिलिमीटर पान्यांचा संच इथे उपयोगाचा नाही. तेरा नंबरचा पाना अर्ध्या इंचाच्या बोल्टवर बसल्यासारखा वाटतो आणि कडा खाऊन टाकतो. सॉकेट, रिंग पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्री मारायला गंज सोडवणारा स्प्रे, आणि पाव इंच जाडीची सरळ सळई. सळईचं महत्त्व पुढे.

सुरक्षेच्या बाबतीत एक गोष्ट नीट समजून घ्या. रॉड सुटले की गाडी गिअरमध्ये ठेवून उभी करण्याचा आधार संपतो. म्हणून सपाट जागा, हँडब्रेक, पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ओंडके, आणि चेसिसखाली भक्कम स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये. मागची चाकं जमिनीपासून मोकळी राहू द्या, कारण पुढे ड्राइव्ह शाफ्ट (बॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) हाताने फिरवून बघायचा आहे. आता चाकं हवेत म्हटल्यावर हँडब्रेकही नंतर सोडावा लागेल, तेव्हा स्टँड आणि ओंडके यांच्यावरच सगळी भिस्त आहे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. एग्झॉस्ट थंड झाला आहे ना, तेही बघा.

आत बसून मूठ, असेल तर कन्सोल, आणि रबरी बूट काढा. वरचा दांडा सोडवून बाजूला ठेवा. मग खाली जाऊन, काहीही सुटं करण्याआधी, चार कोनांतून मोबाइलवर फोटो घ्या आणि तिन्ही रॉडच्या क्लिपा काढा. रिव्हर्स लाइटचा स्विच जुन्या लिंकेजला जोडलेला असेल तर त्याची जागा आणि वायर खास टिपून ठेवा. शेवटी ब्रॅकेटचे बोल्ट काढून शिफ्टर खाली ओढून घ्या. तो वजनदार आहे, तोंडावर घेऊ नका.

१९६९ किंवा नंतरची गाडी असेल तर रिव्हर्सच्या लिव्हरपासून स्टिअरिंगकडे जाणारा आणखी एक रॉड सापडेल. रिव्हर्समध्ये टाकल्याशिवाय किल्ली निघू नये म्हणून दिलेलं ते कुलूप आहे. ते काढून टाकण्याचा मोह होतो. मी काढू नका असंच सांगेन. नव्या किटबरोबर ते चालतं.

जुना शिफ्टर, रॉड, बुश, अगदी वाकडा बोल्टसुद्धा एका खोक्यात भरून वर गाडीचा नंबर लिहून ठेवा. मूळ चार गिअरांची गाडी असेल तर या कामात पत्रा कापावा लागत नाही, त्यामुळे सगळं पुन्हा होतं तसं करता येतं. उद्या गाडी विकायची वेळ आली तर घेणारा पहिल्यांदा त्या खोक्याबद्दल विचारेल.

नवा शिफ्टर लटकवणं

लटकवणं असंच म्हणतो, कारण अजून काही पक्कं आवळायचं नाही. ब्रॅकेट टेल हाउसिंगवर ठेवून बोल्ट हाताने फिरवत आत जाऊ द्या. हाउसिंग अॅल्युमिनियमचं आहे. लोखंडी बोल्ट वाकडा घुसवला तर आटे त्याचेच जातात. चार-पाच फेरे बोटांनी गेला नाही तर बाहेर काढा, भोक साफ करा, परत लावा. सगळे बोल्ट लागल्यावर मग आळीपाळीने आवळा. आट्यांवर थेंबभर निळं थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा गोंद) लावा, लाल नको, कारण कधीतरी ते उघडावं लागणारच.

बुशांबद्दल मतभेद आहेत. किटमध्ये नायलॉनचे येतात, पोलादी वेगळे मिळतात. रोजच्या रस्त्याला नायलॉन चांगले; आवाज करत नाहीत आणि झिजले तर स्वस्तात बदलतात. ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्टीवर) गाडी पळवणाऱ्याने पोलादी लावावेत आणि त्यांचा खडखडाट कौतुकाने ऐकावा. दोन्हींना बोटभर ग्रीस लावा.

न्यूट्रल

आता खरं काम. मन्सीच्या झाकणावरचा पुढचा लिव्हर तिसऱ्या-चौथ्या गिअरचा, मागचा पहिल्या-दुसऱ्याचा, आणि टेल हाउसिंगवरचा रिव्हर्सचा. रॉड न लावता प्रत्येक आर्म हाताने हलवून बघा. झाकणावरच्या दोघांना तीन खाचा जाणवतील: पुढे एक, मागे एक, मध्ये एक. मधली न्यूट्रल. ‘टक’ असा बसल्याचा अनुभव हाताला येतो. अंदाजाने मध्यावर सोडलेला आर्म न्यूट्रलमध्ये असेलच असं नाही. रिव्हर्सच्या लिव्हरला दोनच जागा आहेत, गिअरमध्ये आणि बाहेर. त्यातली बाहेरची कोणती, हे ड्राइव्ह शाफ्ट हाताने फिरवून ठरवा.

तिन्ही न्यूट्रलमध्ये असताना शाफ्ट मोकळा फिरला पाहिजे. फिरत नसेल तर थांबा. पहिला-दुसरा आणि तिसरा-चौथा एकाच वेळी पडू नयेत म्हणून झाकणाच्या आत इंटरलॉक आहे, पण मन्सीत रिव्हर्स त्या बंदोबस्ताबाहेर आहे. रॉड सुटे असताना पुढचा एखादा गिअर आणि रिव्हर्स असे दोन्ही एकदम टाकता येतात आणि बॉक्स जाम होतो. त्यात मोडलेलं काहीच नसतं. रिव्हर्सचा लिव्हर बाहेर ओढला की सुटतो. अशा वेळी हातोडी शोधायला उठू नका.

मग शिफ्टरची बाजू. त्याच्या चौकटीला आणि आतल्या तिन्ही लिव्हरना पाव इंचाची आरपार भोकं आहेत. सगळी भोकं एका रेषेत आणून त्यातून सळई घातली की शिफ्टर न्यूट्रलमध्ये कुलूपबंद होतो. किटबरोबरची पिन हरवली असेल तर पाव इंची ड्रिल बिटची मागची गुळगुळीत बाजू तेच काम करते.

म्हणजे आता दोन्ही टोकं न्यूट्रलमध्ये अडकवलेली आहेत: वर शिफ्टर पिनेने, खाली आर्म आपापल्या खाचांत. या दोघांमधलं अंतर हीच रॉडची लांबी. रॉडचं वाकवलेलं टोक गिअरबॉक्सच्या आर्ममध्ये बुश घालून बसवा आणि क्लिप लावा. दुसऱ्या टोकाला आटे आहेत आणि त्यावर फिरणारी गुंडी आहे. ती फिरवत फिरवत अशा जागी आणा की तिची खुंटी शिफ्टरच्या लिव्हरमधल्या बुशात आपोआप घुसेल. आपोआप म्हणजे एका बोटाने, ना ओढून ना ढकलून, आणि काढतानाही तितक्याच सहज.

सगळी मेख इथे आहे. खुंटी केसभर बाजूला असते, रॉड किंचित दाबला की आत जाते, आणि माणूस ‘झालं’ म्हणून क्लिप लावतो. तो दाब मात्र तिथेच राहतो. आर्म खाचेतून थोडा सरकलेला, शिफ्टर पिनेला टेकलेला. पिन काढली की लिव्हर रेषेतून हलतात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दांडा त्यांच्या कडेवर अडखळतो. गुंडीचा अर्धा फेरा फिरवायचा कंटाळा केला की इतकं होतं. अर्ध्या फेऱ्याने मागे, अर्ध्याने पुढे, दोन्ही करून बघा आणि ज्या जागी सगळ्यात सैल जाते तिथे ठेवा.

रॉड सारखे दिसले तरी सारखे नसतात. प्रत्येकावर नंबर ठोकलेला असतो आणि कोणता रॉड कोणत्या लिव्हरला हे किटच्या कागदावर असतं. तो कागद फेकू नका. क्रम कोणताही चालेल, मी तिसऱ्या-चौथ्यापासून सुरू करतो. रॉड लावताना आर्म खाचेतून निसटतो, म्हणून प्रत्येक रॉडनंतर तिन्ही आर्म पुन्हा हाताने चाचपा.

तिन्ही लागले की पिन काढा. आत एकाला बसवून क्लच दाबून सगळे गिअर टाकायला सांगा आणि तुम्ही खाली शाफ्ट थोडा थोडा फिरवत रहा, दाते समोरासमोर अडले तर सुटतील. रिव्हर्स डावीकडे स्प्रिंगच्या दाबाविरुद्ध आणि पुढे. प्रत्येक गिअरनंतर न्यूट्रलमध्ये येऊन पिन परत घालून बघा. दरवेळी ती सरळ गेली पाहिजे. फक्त रिव्हर्सनंतर अडत असेल तर रिव्हर्सचा रॉड चुकलाय, तिसऱ्यानंतर अडत असेल तर तिसऱ्या-चौथ्याचा. पिन इतकी स्पष्ट साक्ष देते की दुसऱ्या निदानाची गरज नाही.

स्टॉप बोल्ट, ज्यांच्याकडे दुर्लक्ष होतं

शिफ्टरच्या चौकटीत दोन बोल्ट आणि त्यांवर चेकनट आहेत. दांडा पुढे आणि मागे किती जावा याची हद्द हे बोल्ट ठरवतात. जोरात गिअर टाकणाऱ्या माणसाच्या खांद्याची ताकद कुठेतरी थांबावी लागते. स्टॉप नसले तर ती आत गिअर सरकवणाऱ्या पितळी फोर्कवर आणि अॅल्युमिनियमच्या झाकणावर थांबते. वाकलेला फोर्क म्हणजे बॉक्स उघडण्याचा खर्च.

दोन्ही बोल्ट मागे घ्या, दोन-चार आटे अडकलेले राहतील इतके. दांडा तिसऱ्यात घट्ट दाबून धरा आणि त्या बाजूचा बोल्ट टेकेपर्यंत आत फिरवा. दांडा सोडा, बोल्ट आणखी एक फेरा आत फिरवा, चेकनट आवळा. मग चौथ्यात ओढून धरून दुसऱ्या बोल्टला तेच करा. हेच स्टॉप पहिल्या, दुसऱ्या आणि रिव्हर्सलाही लागू होतात, म्हणून आता ते तिन्ही पुन्हा टाकून बघा. कुठला गिअर पूर्ण बसण्याआधीच दांडा टेकत असेल तर स्टॉप थोडा मागे घ्या. अर्धवट बसलेला गिअर चालत्या गाडीत बाहेर उडी मारतो.

बाकीची जुळवाजुळव

हेडर (इंजिनाला जोडलेले एग्झॉस्टचे सुटे पाइप) लावलेली गाडी असेल तर तिसऱ्या-चौथ्याचा रॉड पाइपला घासतो का ते बघा. बोटभर फट तरी हवी, कारण इंजिन जोरात असताना आपल्या माउंटवर हलतं. क्लचचं लिंकेज पेडल पूर्ण दाबून तपासा. रिव्हर्स लाइटचा स्विच नव्या जागी लावून दिवा लागतोय याची खात्री करा.

खालचा रबरी बूट फाटलेला असेल तर नवा घ्या आणि चारी बाजूंनी पत्र्यावर पक्का बसवा. तो शोभेची वस्तू नाही. त्या भोकाखालून एग्झॉस्ट जातो. गळका एग्झॉस्ट आणि उघडं भोक म्हणजे कार्बन मोनॉक्साइड थेट केबिनमध्ये, आणि त्याला वास नसतो.

मूठ शेवटी. हर्स्टच्या दांड्याला तीन-अष्टमांश इंचाचे आटे असतात, इंचाला सोळा. टी आकाराची मूठ रुबाबदार दिसते, पण ट्रॅफिकमध्ये तासभर धरायला गोल पांढरी मूठच हाताला बरी.

रस्त्यावर

पहिली चक्कर मोकळ्या, संथ रस्त्यावर घ्या आणि प्रत्येक गिअर मुद्दाम सावकाश टाका. मूळ शिफ्टरची सवय झालेल्या हाताला दांड्याची चाल आखूड आणि जरा कडक लागेल. ते तसंच असतं. दुसऱ्यातून तिसऱ्यात अडखळ असेल तर परत खाली जाऊन पिन घाला. तिसरा बाहेर उडत असेल तर आधी स्टॉप, मग रॉड, आणि दोन्ही बरोबर निघाले तरच बॉक्सवर संशय घ्या. रिव्हर्सची करकर मात्र शिफ्टरवर ढकलू नका. मन्सीच्या रिव्हर्सला सिंक्रो नाही. गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबा, दांडा पहिल्याला नुसता लावून परत घ्या आणि मग रिव्हर्स टाका.

शंभरेक मैलांनी गाडी पुन्हा स्टँडवर घ्या. ब्रॅकेटचे बोल्ट, आर्मचे नट, स्टॉपचे चेकनट पाना लावून तपासा, क्लिपा जागेवर आहेत ते बघा आणि पिन एकदा शेवटची घालून पाहा. नवे बुश या मैलांत बसतात, त्यामुळे एखाद्या गुंडीला अर्धा फेरा द्यावा लागू शकतो.